एकच झाड : कुठे पीक, कुठे गुन्हा

फेब्रुवारी २०२५ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा तालुक्यात, अंढेरा शिवारात पोलिसांनी अफूची शेती उघडकीस आणली. अशी घटना घडली, की अमली पदार्थांना कायदेशीर मान्यता द्यावी की बंदीच कठोर करावी, हा जुना वाद पुन्हा डोके वर काढतो. मात्र ‘मान्यता’ या एकाच शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत केली जाते.

पहिली, परवान्याने उत्पादन. भारतात ते आजही होते. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील ठरावीक भागांत केंद्र सरकारच्या परवान्याने अफू पिकते. तिचा चीक वा बोंडे सरकारकडेच द्यावी लागतात. कर्करुग्णांच्या वेदना शमविणारे मॉर्फिन त्यातूनच मिळते आणि अनारशांवरची खसखसही याच झाडाची. महाराष्ट्रात असा परवाना मिळत नाही. त्यामुळे मंदसौरचे पीक अंढेऱ्यात गुन्हा ठरते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यान्वये त्यासाठी दहा वर्षांपर्यंत आणि अफूचे प्रमाण व्यापारी ठरल्यास वीस वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

दुसरी, व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानणे. पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरता अल्प साठा बाळगणे फौजदारी गुन्ह्यांतून वगळले. विक्री मात्र गुन्हाच राहिली. भारतात सेवनासाठीही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तथापि, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यातून सूट देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. ती फारशा कुटुंबांना ठाऊक नसते.

तिसरी, खुली विक्री. कॅनडाने २०१८ मध्ये गांजाला ही मुभा दिली. वादाचा खरा भडका उडतो तो येथेच. बंदीमुळे चोरटा धंदा फोफावतो, असे समर्थक म्हणतात. दुकान उघडले की नवे गिऱ्हाईक तयार होते, असे विरोधक बजावतात. दारूच्या बाबतीत विदर्भाने हे दोन्ही युक्तिवाद ऐकले आहेत. महिलांच्या आंदोलनानंतर चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि अवैध विक्री व गुन्हेगारी वाढल्याचे कारण देत सरकारने ती २०२१ मध्ये उठवली.

तात्पर्य, औषधासाठीची अफू, व्यसनात अडकलेला तरुण आणि नफेखोर विक्रेता यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. मान्यता हवी की नको, याआधी ती कशाला, कोणाला आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे विचारले गेले पाहिजे. या प्रश्नाच्या उत्तरावर कोणाच्या तरी आयुष्याची वीस वर्षे अवलंबून असतात.