मुकादम विचारतो तेव्हा

पोळा झाला की आमच्या बीड जिल्ह्यात वाड्या-तांड्यांवर मुकादम फिरू लागतात. दसरा-दिवाळीला ट्रक भरतात आणि माणसे ऊस तोडायला जातात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी बेळगावकडे. पाडव्याच्या सुमारास परत येतात. मी गावच्या शाळेत हेडमास्तर होतो. दिवाळीची सुट्टी संपली की निम्मा वर्ग रिकामा दिसायचा. म्हणून या कामाची मला थोडीफार माहिती आहे.

मुकादम घरी येतो, चहा घेतो आणि चार गोष्टी विचारतो. बोलणे गोड असते. आपण घाईने उत्तर देतो आणि पुढे सहा महिने ते उत्तर निस्तरत बसतो.

पहिला प्रश्न असतो, “किती कोयते देता?” कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. इथे जेवढी मोठी माणसे खरोखर राबणार, तेवढीच सांगा. पोरे मोजू नका. “पोरीचं लग्न उरकून टाक, एक कोयता वाढेल,” असे सांगणारेही भेटतात. अशाला सरळ नाही म्हणावे. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे गुन्हा आहे.

दुसरा प्रश्न सगळ्यात मोठा. “उचल किती पाहिजे?”

माझा एक जुना विद्यार्थी बायकोला घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “गुरुजी, मुकादम एक लाख देतोय. घेऊ का?” मी म्हटले, “अरे, आधी पाटी घे.” मग आम्ही तिघांनी हिशेब केला. तो तुम्हीही करून पाहा.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्के वाढला. तो टनाला सुमारे 366 रुपये झाला. दर कराराने बदलतो, म्हणून यंदाचा आकडा आधी विचारून घ्यावा. आम्ही 366 धरले. दोघे मिळून दिवसाला दोन टन तोडतील असे धरले. म्हणजे दिवसाचे 732 रुपये. कारखाना 110 दिवस चालला आणि एकही दिवस खाडा झाला नाही, तर 80,520 रुपये होतात. आता घेतले किती? उचल एक लाख. शिवाय दर आठवड्याला बाजाराची खर्ची. हजार रुपये धरले तरी सोळा आठवड्यांचे सोळा हजार. एकूण 1,16,000. वजा करा. 35,480 रुपये अंगावर फिरले!

बायको पाटीकडे बघत राहिली. म्हणाली, “म्हंजे राबून यायचं आणि वर देणं घेऊन यायचं?” होय. आणि ते देणे फेडायला पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे, तो म्हणेल त्या कारखान्यावर.

साठ हजार घेतले तर 4,520 रुपये हातात उरतात, हेही आम्ही काढले. पण त्याच्या आईच्या दवाखान्याचे देणे होते. साठात भागत नव्हते. तो ऐंशी हजार घेऊन गेला. पंधरा हजारांच्या वर फिरणार हे त्याला जाताना ठाऊक होते. एवढा तरी फरक पडला.

तिसरा प्रश्न, “दुसऱ्या कुणाची उचल घेतलीस का?” इथे खरेच बोला. दोघांची उचल घेतली की भांडण होते, पोलिसांत तक्रार जाते. जुनी बाकी नवा मुकादम भरणार असेल, तर भरताना तुम्ही समोर उभे राहा आणि जुना कागद परत मागून घ्या. नाहीतर तीच बाकी दोघेही मागतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मग मुकादम म्हणतो, “आधार कार्ड, बँकेचा चेक आहे ना? इथं सही कर.” पैसे आज वीस हजार मिळतात, बाकीचे निघताना, पण कागदावर पुरा लाख आज घातला जातो. हातात पडले तेवढेच लिहायला सांगा. कोऱ्या कागदावर अंगठा नको. कोरा चेक तर मुळीच नको. आधारची नुसती नक्कल द्या.

बाईमाणसालाही विचारतात, “पोटाचं काही दुखणं नाही ना? खाडे होतील.” या खाड्याच्या भीतीने किती बायांनी गर्भपिशवी काढून घेतली, त्याची 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. दुखणे असेल तर डॉक्टरला सांगावे. मुकादमाला त्याचे उत्तर देण्याची गरज नाही.

आता आपणही विचारावे. खाड्याला किती कापणार? काट्यावरची वजनाची पावती कोण दाखवणार? वाढे विकले तर पैसे कुणाचे? मुकादमाचे कमिशन कारखाना वेगळे देतो. ते आमच्या मजुरीतून नाही ना कापणार? मुकादम चिडला तर चिडू द्या. चांगला मुकादम चिडत नाही, आणि चांगलेही पुष्कळ आहेत. त्यांचेही पैसे बुडतात, हे विसरू नये.

बाकी राहिली म्हणून कोणी कोंडून ठेवले, मारले, बळजबरीने राबवले, तर तो गुन्हा आहे. 1976 च्या वेठबिगार कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तहसीलदाराकडे किंवा कलेक्टरकडे जावे. निघण्याआधी ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगाराचे ओळखपत्रही मागून ठेवा.

त्या विद्यार्थ्याची बायको प्रौढ वर्गात आकडे शिकली होती. मी तिला शाळेतली एक जुनी वही दिली. रोज संध्याकाळी ती खोपीत बसून तारीख आणि टन लिहायची. शेवटच्या हिशेबाला मुकादमाच्या वहीत आणि तिच्या वहीत नऊ टनांचा फरक निघाला. पावत्या पुन्हा काढल्या. मुकादमाने सात टन कबूल केले. त्याचे 2,562 रुपये झाले.