स्कर्टिंग काढताना गिलावा निघाला? पुट्टी मारण्याआधी ओल तपासा

दिवाळी किंवा लग्नसराई जवळ आली की गावोगावी जुनी शहाबादी फरशी काढून टाइल्स बसवण्याची कामे निघतात. भिंतीच्या कडेची चार इंची स्कर्टिंग छिन्नीने उचकटली की तिच्यासोबत गिलाव्याचे ढलपेही निघून येतात. ‘वरून पुट्टी मारली की झालं’ असा सल्ला मग हमखास मिळतो. पण पुट्टी भिंत गुळगुळीत करण्यासाठी असते, खड्डे भरण्यासाठी नाही. तिचा जाड थर तडकतो. भिंतीत ओल असेल तर पावसाळ्यात रंगासकट पोपडे निघतात आणि तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

काढतानाच काळजी

स्कर्टिंगच्या वरच्या कडेने आधी कटरने सरळ रेघ मारून घेतली तर वरचा गिलावा फारसा फुटत नाही. खालच्या बोर्डांच्या वायरी भिंतीतूनच गेलेल्या असतात. त्यामुळे मेन स्विच बंद करून, कटरला वीज दुसरीकडून घेऊनच काम करावे. धूळ छातीत जाऊ नये म्हणून नाका-तोंडाला मास्क हवा.

पोकळ भाग आणि ओल

उरलेल्या गिलाव्यावर हातोडीने हलके ठोकून पाहावे. जिथे पोकळ आवाज येतो तो भाग, आज चिकटलेला दिसला तरी, काढूनच टाकावा.

पांढरा खार दिसला तर तो कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुतला तर तो पुन्हा भिंतीत मुरतो. ओल तपासायला भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूने पाणी जमले तर ओल आतूनच आहे. अशा वेळी न्हाणीचा पाइप गळतो का, पन्हाळीचे पाणी भिंतीशी मुरते का, अंगण किंवा रस्ता भरून जोत्याच्या वर आला आहे का, हे आधी पाहावे. पाणी थांबल्याशिवाय कुठलाही गिलावा टिकत नाही.

माल आणि पाणी

विटांच्या भिंतीला एक भाग सिमेंट, चार भाग चाळलेली वाळू पुरते. जास्त सिमेंट घातले की मजबूत होते, हा गैरसमज आहे. असा माल आकसतो आणि जुन्या-नव्या सांध्यावर चीर पडते. विटांचे सांधे खरवडून, धूळ झाडून भिंत भिजवावी. पाणी निथळल्यावर सिमेंटची पातळ स्लरी मारून लगेच माल थापावा. खड्डा १५ मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर दोन थर द्यावेत. माल अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवावा. घट्ट झालेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा वापरू नये.

त्यानंतर किमान सात दिवस पाणी मारायचे. नेमकं हेच राहून जातं. पुट्टी आणि रंग भिंत पूर्ण वाळल्यावरच. नवी स्कर्टिंग बसणार असेल तेवढी पट्टी खरबरीत ठेवावी, तिथे पुट्टी नको.

भिंत मातीची असेल तर सिमेंट टाळावे. ते मातीला नीट धरत नाही आणि ओल आत कोंडते. तिथे चुन्याचा किंवा भुसा-शेण घातलेल्या मातीचा गिलावाच बरा.

दर आधी ठरवा

१० बाय १२ फुटांच्या खोलीला सहा इंच उंचीची पट्टी भरायला साधारण पाव पोते सिमेंट आणि सव्वा घनफूट वाळू लागते. म्हणजे मालाचा खर्च थोडा, मजुरीचाच जास्त. फरशीच्या दरात तोडफोड, राडारोडा उचलणे आणि गिलावा दुरुस्ती धरली आहे का, हे गवंड्याला काम सुरू होण्याआधीच विचारून घ्यावे. घर उकरून झाल्यावर भाव करायला जागा उरत नाही.