घरी बांधलेले विमान आणि पेट्रोलची वाट

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मॉन्टेरे उपसागरात किनाऱ्याजवळ एक छोटे विमान कोसळले. ते चालवणारा एकटाच आत होता आणि तो जागीच ठार झाला. तो होता जॉन डेन्व्हर, जगभर गाजलेला गायक. वय अवघे ५३. विमान चालवण्याचा त्याचा अनुभव २७०० तासांहून अधिक होता. विमान होते ‘लाँग-ईझी’ जातीचे. ते कारखान्यात तयार झालेले नव्हते. बर्ट रुटान या अभियंत्याच्या नकाशांवरून एका हौशी माणसाने ते स्वतः बांधलेले होते. चौकशी झाली तेव्हा संशयाचे बोट शेवटी एका छोट्याशा मुठीकडे गेले. पेट्रोल कोणत्या टाकीतून घ्यायचे ते ठरवणारी ती मूठ!

आपल्यापैकी कोणी उद्या विमान बांधायला घेईल असे नाही. परंतु ज्यांच्या दारात स्कूटर आहे, ज्यांचा मुलगा आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचे धडे घेतो आहे, जे कारखान्यात पंप आणि नळ्यांशी झुंजतात, त्या सर्वांना ही विद्या आपली वाटेल. कारण विमानाच्या पेट्रोलचे दुखणे आणि स्कूटरच्या पेट्रोलचे दुखणे यांचे कूळ एकच. फरक एवढाच की स्कूटर बंद पडली तर ती ढकलत नेता येते. आकाशात ढकलायला कोणी नसते.

हौशी विमान म्हणजे काय?

अमेरिकेत अशी विमाने हजारोंनी आहेत. तेथील नियम असा की विमानाचा निम्म्याहून अधिक भाग बांधणाऱ्याने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून स्वतः बांधलेला असला पाहिजे. त्यावर ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणजे ‘प्रायोगिक’ असे ठळक लिहावे लागते. सुरुवातीचे उड्डाणाचे तास, साधारणपणे २५ किंवा ४०, ठरवून दिलेल्या क्षेत्रातच चाचणीसाठी घालवावे लागतात. आपल्या मुंबईतही कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची सरकारी नोंदणी झाली. तेव्हा हा छंद अगदीच परका राहिलेला नाही.

पेट्रोलची वाट

बिघाड शोधण्याआधी वाट माहीत हवी. टाकी, टाकीच्या तोंडाशी जाळी, तेथून नळी, मग टाकी निवडण्याचा कॉक, मग फिल्टर आणि पाणी-गाळ साचण्याची वाटी, त्यानंतर पंप आणि शेवटी कार्ब्युरेटर, असा हा प्रवास आहे. पंख वर असलेल्या विमानात टाक्या इंजिनापेक्षा उंच असतात. तेथे पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरते. पंख खाली असतील तर पंपाने ओढावे लागते. म्हणून इंजिनावर चालणारा एक पंप आणि तो रुसला तर हाताशी असावा म्हणून विजेवर चालणारा दुसरा, अशी जोडी बसवतात.

या वाटेला आणखी एक वाट जोडलेली असते, ती हवेची. टाकीतून जेवढे पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा आत आली पाहिजे. त्यासाठी बारीक नळी ठेवलेली असते. ती तुंबली की टाकीत ओढ निर्माण होते आणि पेट्रोल उतरेनासे होते. दुचाकीच्या टाकीच्या झाकणातले भोक बुजले की गाडी काही किलोमीटर नीट चालते, मग गुदमरून बंद पडते. झाकण उघडताच ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि गाडी पुन्हा सुरू होते. विमानाचे अगदी तसेच. हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानाच्या या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते आणि दिसायला सगळे ठीक असूनही इंजिन आकाशात बंद पडते. इवलीशी माशी विमान खाली आणू शकते, ते असे!

लक्षणावरून रोग

डॉक्टर जसा ताप कधी चढतो हे आधी विचारतो, तसेच इंजिन केव्हा अडखळते हे आधी विचारावे.

जमिनीवर उत्तम चालते, पण वर चढताना दम टाकते, असे असेल तर प्रवाह कमी आहे. चढताना इंजिन पूर्ण ताकदीने चालते आणि सर्वांत जास्त पेट्रोल मागते. शिवाय नाक वर झाल्याने टाकी आणि इंजिन यांच्या उंचीतला फरकही कमी होतो. फिल्टर अर्धा तुंबला असेल, नळी कोठे दबली असेल, तर ते नेमके याच वेळी उघडे पडते.

वळताना किंवा तिरके उतरताना अडखळते, पुन्हा सरळ झाल्यावर ठीक होते, असे असेल तर टाकीत पेट्रोल कमी आहे आणि ते तोंडापासून दूर सरकते आहे. जुनी बजाज स्कूटर तिरकी करून मग किक मारणारी माणसे आपण पाहिलेली आहेत. तळातले पेट्रोल नळीकडे यावे हा त्यामागचा हिशेब. विमान तिरके झाले की तोच हिशेब उलटा लागतो. टाकीत आहे, पण इंजिनाला नाही! म्हणून प्रत्येक टाकीतले काही लिटर ‘नसल्यासारखे’ धरावे लागतात.

उन्हाच्या दिवशी उड्डाण करून आल्यावर विमान अर्धा तास उभे राहिले आणि पुन्हा सुरू करताना इंजिन अडखळू लागले, तर नळ्यांत पेट्रोलची वाफ धरली आहे. बंद इंजिनाची धग झाकणाखाली कोंडते, पेट्रोल उकळते आणि पंप द्रवाऐवजी बुडबुडे ओढतो. नळ्या सायलेन्सरच्या पाईपपासून दूर ठेवणे, त्यांवर उष्णतारोधक वेष्टण घालणे आणि विजेचा पंप टाकीजवळ बसवणे हे त्यावरचे उपाय होत. लांबून ओढले की नळीतला दाब घटतो आणि वाफ लवकर धरते. जवळून ढकलले तर दाब टिकतो.

कोठेच गळती दिसत नाही, तरी इंजिन उचक्या देते, असे असेल तर पंपाच्या अलीकडची, म्हणजे ओढीच्या बाजूची नळी तपासावी. त्या बाजूला भेग असेल तर पेट्रोल बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून तेथे ओल शोधणारा माणूस फसतो.

दमट हवेत हळूहळू ताकद कमी होत गेली, तर पेट्रोलला दोष देण्याआधी बर्फाचा संशय घ्यावा. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना हवा एकदम थंड होते. बाहेर २० अंश सेल्सिअस तापमान असतानाही आत बर्फ जमू शकतो. गरम हवेची खिट्टी ओढली की तो वितळतो. त्याचे पाणी इंजिनातून जाताना क्षणभर इंजिन आणखीच खडखडते. त्या वेळी घाबरून खिट्टी परत लोटू नये. विमान खाली उतरेपर्यंत हा बर्फ वितळून गेलेला असतो आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही.

पाणी, कचरा आणि इथेनॉल

पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. दररोज पहिल्या उड्डाणापूर्वी प्रत्येक टाकीच्या आणि वाटीच्या तळातून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाहावे. पाणी खाली वेगळे दिसते. मात्र बाटलीत सगळे पाणीच आले तर दोन थर दिसणार नाहीत आणि माणूस ‘स्वच्छ आहे’ म्हणून पुढे जाईल. म्हणून रंग आणि वास दोन्ही पाहावेत. विमानाच्या १०० एलएल पेट्रोलला निळा रंग दिलेला असतो, तो याच कामी येतो.

नव्या विमानात कचरा बहुधा बांधणाऱ्याच्याच हातचा असतो. फायबरचा भुगा, सीलंटचे पापुद्रे, ॲल्युमिनियमचे कण हे तो कचरा. प्लंबर नळाच्या आट्यांना पांढरी टेप गुंडाळतो, तशी टेप पेट्रोलच्या जोडाला कधीही लावू नये. तिचे धागे सुटून झडपेत किंवा जेटमध्ये अडकतात.

साधे मोटारीचे पेट्रोल वापरणाऱ्यांनी इथेनॉलचा विचार केलाच पाहिजे. भारतातील पंपांवर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. छोट्या विमानांत पुष्कळ वापरल्या जाणाऱ्या रोटॅक्स ९१२ इंजिनाला मात्र १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा आहे. इथेनॉल पाणी धरून ठेवते आणि काही जातींचे रबर व सीलंट फुगवते. तपासण्याची रीत सोपी आहे. खुणा असलेल्या काचेच्या नळीत थोडे पाणी घेऊन रेषा पाहावी, वर पेट्रोल घालावे, हलवून स्थिर होऊ द्यावे. पाण्याची पातळी वाढलेली दिसली तर पेट्रोलमधले इथेनॉल पाण्यात उतरले असे समजावे.

घड्याळ, डबा आणि वही

अंदाजापेक्षा मोजमाप श्रेष्ठ. कार्ब्युरेटरपाशी नळी सोडवावी, विमानाचे नाक चढतानाच्या कोनाइतके उचलावे, टाकीत अगदी थोडे पेट्रोल ठेवावे आणि मिनिटाला किती येते ते मोजावे. नियम असा की पेट्रोल वजनाने उतरत असेल तर प्रवाह इंजिनाच्या सर्वाधिक गरजेच्या १५० टक्के हवा, पंपाने येत असेल तर १२५ टक्के.

हिशेब करून पाहू. इंजिन पूर्ण ताकदीवर ताशी २७ लिटर पेट्रोल पिते असे धरा. त्याच्या १५० टक्के म्हणजे ताशी ४०.५ लिटर, म्हणजेच मिनिटाला ६७५ मिलिलिटर. पाच लिटरचा डबा साधारण साडेसात मिनिटांत भरला पाहिजे. दहा मिनिटे लागली तर तो प्रवाह ताशी ३० लिटर झाला. जमिनीवर इंजिन खुशाल चालेल, पण हातात राखीव काही उरले नाही. फिल्टर जरासा तुंबला की संकट उभे! ही चाचणी उघड्यावर, विमान आणि डबा तारेने जोडून, जवळ आग विझवण्याचे साधन ठेवूनच करावी.

टाकीचा काटाही असाच तपासावा. टाकी रिकामी करून पाच-पाच लिटर मोजून घालावे आणि प्रत्येक वेळी काटा कोठे येतो ते लिहावे. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत नोंद करावी. फिल्टर, पंप, नळी सगळे एकदम बदलले तर बिघाड जाईलही, पण दोषी कोण ते कळणार नाही आणि तो पुन्हा येईल.

ती मूठ

आता डेन्व्हरच्या विमानाकडे वळू. मूळ नकाशात टाकी बदलण्याची मूठ चालकाच्या पायांमध्ये, समोर होती. बांधणाऱ्याने ती चालकाच्या डाव्या खांद्यामागे नेली. पेट्रोलच्या नळ्या चालकाच्या जागेत नकोत हा त्याचा हेतू होता. हेतू वाईट नव्हता. पण मुठीवर खुणा नव्हत्या. ती वर केली की बंद, उजवीकडे वळवली की डावी टाकी आणि खाली केली की उजवी टाकी, अशी तिची उफराटी रचना होती. टाकीतले पेट्रोल दाखवणाऱ्या काचेवरही खुणा नव्हत्या आणि ती काच मागच्या आसनावरच्या माणसालाच दिसत असे.

डेन्व्हरने हे विमान नुकतेच घेतले होते. त्याला अर्ध्या तासाच्या आसपासच सराव मिळाला होता. उड्डाणापूर्वी मुठीपर्यंत हात पोहोचत नाही हे त्याच्या आणि मेकॅनिकच्या लक्षात आले. पकडीने मूठ लांबवून पाहिली, जमले नाही. मागची काच दिसावी म्हणून मेकॅनिकने आरसा दिला. पेट्रोल भरायचे का असे विचारल्यावर त्याने नको म्हटले, तासभरच उडायचे आहे असे सांगितले. थोड्याच वेळात, पाण्यावर काहीशे फूट उंचीवर असताना इंजिनाचा आवाज मंदावला. खांद्यामागे वळून मूठ फिरवताना शरीराला आधार हवा म्हणून उजवा पाय आपोआप पुढे रेटला जातो आणि त्या पायाखाली उजवे रडर असते. चौकशी करणाऱ्यांनी स्वतः बसून हे पाहिले. विमानाचा तोल गेला तो तेथे. पेट्रोल न भरणे आणि मूठ फिरवताना ताबा सुटणे ही कारणे चौकशी मंडळाने नोंदवली. मुठीची गैरसोयीची जागा, काचेवर खुणा नसणे आणि अपुरा सराव यांनी त्यांत भर घातली, असेही म्हटले.

त्याच मंडळाने २०१२ साली हौशी विमानांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतील खाजगी छोट्या विमानांत हौशी विमाने सुमारे १० टक्के, पण २०११ सालच्या प्राणघातक अपघातांत त्यांचा वाटा २१ टक्के होता. त्या वर्षी अपघात झालेल्या हौशी विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने दुसऱ्याकडून विकत घेतलेली होती. पेट्रोल व्यवस्थेची चाचणी झाल्याचा लेखी पुरावा उड्डाणापूर्वी मागावा, अशी शिफारस मंडळाने केली.

वाचकहो, यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या हाताने बनवलेली वस्तू आपल्याला पाठ असते. उद्या ती दुसऱ्याच्या हाती जाते, तेव्हा त्याला आपले डोके मिळत नाही, फक्त वस्तू मिळते. म्हणून बंद-चालूची खूण कोरावी, मूठ हाताशी ठेवावी, वही वस्तूबरोबर द्यावी. आणि वस्तू घेणाऱ्याने हात पोहोचत नाही असे दिसले तर त्या दिवशी निघूच नये. मुठीची जागा बदलायला चार दिवस लागतील, लागू द्यावेत. घरच्या गॅसचा कॉक असो, कारखान्यातला व्हॉल्व्ह असो वा स्कूटरचे पेट्रोल असो, हा नियम तेथेही तितकाच लागू आहे.