यंत्राचा निर्णय आणि माणसाचे उत्तरदायित्व

प्रास्ताविक

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या तात्त्विक चर्चेत ॲलन ट्युरिंग यांच्या १९५० सालच्या निबंधाचा उल्लेख प्रथम येतो. ‘यंत्र विचार करू शकते काय?’ हा त्या निबंधाचा आरंभबिंदू होता. पुढे १९७६ मध्ये जोसेफ वायझेनबाउम या संगणकशास्त्रज्ञाने ‘कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन’ या ग्रंथात निराळा प्रश्न मांडला. एखादे काम यंत्राला करता आले, तरी ते त्याच्याकडे सोपवावे काय? पहिला प्रश्न मनाच्या स्वरूपाविषयीचा, तर दुसरा नीतीचा आहे. प्रस्तुत लेखात दुसऱ्या प्रश्नाचा विचार मूल्यमापन या अध्यापकांच्या नित्य परिचयाच्या क्षेत्रातील एका उदाहरणाच्या आधारे केला आहे.

इंग्लंडमधील श्रेणीनिर्धारण : २०२०

कोविड-१९ च्या साथीमुळे २०२० मध्ये इंग्लंडमधील ए-लेव्हल परीक्षा रद्द झाल्या. तेथील बहुसंख्य विद्यार्थ्यांचे विद्यापीठ-प्रवेश या परीक्षेतील श्रेणींवर अवलंबून असतात. ‘ऑफक्वाल’ या परीक्षा-नियामक संस्थेच्या योजनेनुसार शाळांनी प्रत्येक विद्यार्थ्याची अनुमानित श्रेणी आणि त्या विषयातील विद्यार्थ्यांचा गुणानुक्रम कळविला. शिक्षकांची अनुमाने एकंदरीने उदार असल्याने त्यांच्या प्रमाणीकरणासाठी अल्गोरिदम वापरण्यात आला. शाळेचे त्या विषयातील मागील वर्षांचे निकाल हा त्याचा मुख्य आधार होता. त्यावरून आणि विद्यार्थ्यांच्या पूर्वीच्या परीक्षांतील एकत्रित कामगिरीवरून शाळेच्या वाट्याला कोणत्या श्रेणी किती येतील हे ठरे व त्या गुणानुक्रमाने वाटल्या जात. विषयाला अगदी थोडे विद्यार्थी असल्यास मात्र शिक्षकांचे अनुमानच ग्राह्य धरले जाई. लहान वर्ग असलेल्या खासगी शाळांना याचा अधिक लाभ झाला.

१३ ऑगस्टला निकाल लागला, तेव्हा सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांच्या अनुमानापेक्षा खालच्या होत्या. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि १७ ऑगस्टला ही पद्धत मागे घेण्यात आली. शिक्षकांची श्रेणी व अल्गोरिदमची श्रेणी यांपैकी वरची श्रेणी ग्राह्य मानण्याचे ठरले.

नेमकेपणा आणि न्याय

हा अल्गोरिदम आजच्या अर्थाने कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हता; ते एक संख्याशास्त्रीय प्रारूप होते. तरीही त्याने उभा केलेला प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेलाही तंतोतंत लागू पडतो. देशाचा एकंदर निकाल मागील वर्षांच्या जवळपास राहिला, म्हणजे समूहाच्या पातळीवर प्रारूप फारसे चुकले नाही. परंतु ज्या शाळेत पूर्वी कोणालाही सर्वोच्च श्रेणी मिळाली नव्हती, तेथील हुशार विद्यार्थ्याला ती मिळणे जवळजवळ अशक्य झाले. त्याचे मोजमाप त्याच्या आधी त्या बाकांवर बसून गेलेल्यांच्या कामगिरीवरून झाले.

परीक्षेतही चुका होतात, हा आक्षेप येथे संभवतो. तो खरा आहे. मात्र परीक्षकाची चूक विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या उत्तरपत्रिकेविषयीची असते. ती दाखवून फेरतपासणी मागता येते. प्रारूपाने दिलेल्या श्रेणीमागे उत्तरपत्रिकाच नव्हती. ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या पाचव्या भागात म्हटले आहे की, नियम सर्वसाधारण असतो, विशिष्ट प्रसंगी तो अपुरा पडतो व तेथे विवेकाने त्याची दुरुस्ती करावी लागते. समूहाच्या भूतकाळावरून व्यक्तीचे भवितव्य वर्तविणाऱ्या कोणत्याही प्रणालीत या दुरुस्तीची जागा आपोआप निर्माण होत नाही. ती जाणीवपूर्वक ठेवावी लागते.

उत्तर कोणी द्यावयाचे?

ऑफक्वालने आपल्या प्रारूपाचे विवरण तीनशेहून अधिक पानांच्या अहवालात प्रसिद्ध केले होते. त्यामुळे दोष कोठे आहे हे अभ्यासकांना दाखविता आले. आजच्या यंत्र-अध्ययन प्रणालींत ही सोयही बहुधा नसते. त्यांतील निर्णय असंख्य संख्यात्मक भारांमधून घडतो आणि त्याचे कारण अनेकदा प्रणाली घडविणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही.

‘उत्तरदायित्व’ या शब्दातच उत्तर देण्याचे बंधन अनुस्यूत आहे. ‘माझ्या बाबतीत असे का ठरविले?’ या प्रश्नाला जो कारणासह उत्तर देऊ शकतो आणि चूक झाल्यास तिचा भार स्वीकारतो, त्यालाच निर्णयाचा अधिकार शोभतो. यंत्र कारणासारखी दिसणारी वाक्ये रचू शकते. चुकीचा भार मात्र वाहू शकत नाही. तो कोणा माणसाने आधीच स्वीकारलेला नसेल, तर प्रणाली घडविणारा, ती विकत घेणारा आणि ती वापरणारा एकमेकांकडे बोट दाखवितात व विद्यार्थी अनुत्तरित राहतो.

समारोप

यावरून यंत्र मूल्यमापनात वर्ज्य मानावे असा निष्कर्ष निघत नाही. शिक्षकाचे अनुमानही पूर्वग्रहमुक्त नसते आणि तो पूर्वग्रह उघड करण्यास संगणक साहाय्य करू शकतो. तथापि तीन अटी आवश्यक वाटतात. निर्णयाचा आधार विद्यार्थ्याचे स्वतःचे कार्य असावे. निर्णयाचे कारण त्याला समजेल अशा भाषेत सांगता यावे. आणि त्या निर्णयाखाली स्वाक्षरी करणारी व्यक्ती तो बदलण्यास समर्थ असावी. उत्तरपत्रिका तपासून गुण देणारा अध्यापक या तिन्ही अटी आजवर फारसा गाजावाजा न करता पाळत आला आहे. नवे साधन हाती घेताना त्याने सोडू नये असे काही असेल, तर ते हेच होय.