सी-आर्मच्या पडद्यावरचे कोपर

लहान मुलांच्या कोपराजवळ सर्वाधिक आढळणारा अस्थिभंग दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, कोपराच्या किंचित वर होतो. तेथे हाडाला पुढून व मागून खोबणी असल्याने मधला भाग अतिशय पातळ राहतो, आणि पसरलेल्या तळहातावर पडलेल्या मुलाचा भार नेमका त्याच जागी येतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लिंबाच्या फांद्यांना झोके बांधणाऱ्या खान्देशात अशा पडण्याला निमित्ते पुष्कळ.

गार्टलँड यांच्या १९५९ मधील वर्गीकरणानुसार न सरकलेला, मागची कड अखंड राहून वाकलेला आणि पूर्णपणे सरकलेला असे याचे तीन प्रकार आहेत. पहिल्याला प्लास्टर पुरते. तिसऱ्यात मुलाला भूल देऊन, शक्यतो चिरा न घेता, हाताने ओढून हाड जागेवर बसवले जाते आणि त्वचेतून दोन-तीन बारीक तारा, म्हणजे के-वायर, हाडात घातल्या जातात. हाड उघडे न करता हे साधते ते सी-आर्ममुळे. कमानीच्या आकाराच्या या यंत्राच्या एका टोकाला क्ष-किरणांची नळी आणि दुसऱ्याला प्रतिमा टिपणारा भाग असून, शल्यचिकित्सकाला तार पुढे सरकताना पडद्यावर दिसते.

मात्र पडद्यावर दिसते ती हाडाची सावली, आणि मुलाच्या कोपराचा बराचसा भाग कूर्चेचा, म्हणजे अद्याप हाड न बनलेल्या मऊ ऊतीचा असल्याने त्याची सावली पडतच नाही. म्हणून समोरून आणि बाजूने अशा दोन दिशांनी पाहावे लागते. बाजूच्या प्रतिमेत दंडाच्या हाडाच्या पुढच्या कडेवरून खाली काढलेली रेषा कोपराच्या बाहेरील गोल अस्थिकेंद्राला छेदते की नाही हे तपासतात. समोरच्या प्रतिमेत हाडाच्या खालच्या टोकाचा कल सांगणारा बाउमान कोन मोजतात, कारण तो बिघडला तर हाड जुळूनही कोपर आत वाकलेले राहते. सरकलेल्या हाडात बाजूची प्रतिमा घेताना हात फिरवला तर बसवलेले हाड पुन्हा निसटू शकते, म्हणून अनुभवी हात अशा वेळी कमानच फिरवतात.

यंत्राला न दिसणाऱ्या गोष्टी याहून गंभीर आहेत. दंडाची रोहिणी तुटलेल्या टोकाच्या अगदी पुढून जाते, आणि आतल्या बाजूने तार घातल्यास तेथील अल्नर चेतातंतूला इजा होऊ शकते. यासाठी मनगटाची नाडी, बोटांची हालचाल व संवेदना आधी आणि नंतर तपासणे अटळ ठरते. हाडवैद्याने कामट्या लावून घट्ट आवळलेल्या हातात सूज वाढली की रक्तपुरवठा थांबून स्नायू कायमचे आखडू शकतात. फोल्कमान यांनी १८८१ मध्ये या विकृतीचे वर्णन केले. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत किंवा २०१८ मध्ये सुरू झालेल्या जळगावच्या महाविद्यालयापर्यंत साक्री किंवा यावलच्या दूरच्या पाड्यांवरून येण्यात जाणारा वेळही हिशेबात धरावा लागतो.

किरणांचाही प्रश्न आहेच. मुलाच्या शरीरावर आदळून विखुरलेले किरण शस्त्रक्रियागृहातील सर्वांपर्यंत पोहोचतात, पण अंतर दुप्पट केले की त्यांची तीव्रता साधारण चौथाईवर येते. त्यामुळे शिशाचा ॲप्रन, नळी खाली ठेवण्याची पद्धत आणि किरण सुरू करणारी पायकळ थोड्याच वेळा दाबण्याची शिस्त एवढ्यावर बरेच भागते. किरणकाम करणाऱ्यांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे. तीन ते चार आठवड्यांनी तारा बहुधा बाह्यरुग्ण विभागातच काढल्या जातात, आणि ताठरलेले कोपर मूल खेळता खेळता स्वतःच मोकळे करते. जोराच्या मालिशीने उलट नको तेथे हाड तयार होण्याचा धोका असतो.