घरचे जनित्र आणि खांबावरील मनुष्य

वैशाखात नागपुरास पारा ४५ अंशांवर चढावा आणि नेमकी त्याच वेळी वीज जावी, म्हणजे पंखा व कूलर यांचे मोल कोणास निराळे सांगावे लागत नाही. अशा प्रसंगासाठी धरमपेठेतील कित्येक गृहस्थ घरी लहानसे जनित्र, म्हणजेच जनरेटर, ठेवू इच्छितात. ते कसे निवडावे व कसे जोडावे, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

चुंबक व तारेचे वेटोळे यांपैकी एक दुसऱ्याजवळ हालविले असता तारेत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हे मायकेल फॅरडे याने १८३१ साली सिद्ध केले. जनित्रात हे हालविण्याचे काम पेट्रोलचे वा डिझेलचे इंजिन करते.

प्रथम गरजेचा हिशेब मांडावा. ७५ वॉटचे चार पंखे, ९ वॉटचे सहा दिवे, २०० वॉटचा कूलर आणि २०० वॉटचा फ्रिज मिळून ७५४ वॉट होतात. परंतु फ्रिजचे यंत्र सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते. त्याकरिता आणखी ६०० वॉट तरी हाताशी असावे. २ केव्हीएचे जनित्र, शक्तिगुणक ०.८ धरल्यास, १,६०० वॉट देते. ते या घरास पुरेल. पाण्याचा पंप किंवा वातानुकूलन यंत्र चालवावयाचे असल्यास अर्थातच मोठे यंत्र लागेल. केवळ पंखे व दिवेच चालवावयाचे असतील, तर बॅटरीवरील इन्व्हर्टर अधिक सोयीचा. त्यास धूर नाही व आवाजही नाही.

जनित्र घरात, जिन्याखाली वा गच्चीच्या बंद खोलीत कदापि चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही व वासही नाही. निजलेल्या मनुष्यास तो नकळत ठार करतो. यंत्र उघड्यावर, दारेखिडक्यांपासून सुमारे वीस फूट दूर, पावसापासून आडोसा करून, उंच ओट्यावर ठेवावे. इंधन भरणे ते यंत्र थंड झाल्यावरच करावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दोन्ही टोकांस पिना असलेली वायर करून जनित्र भिंतीतील सॉकेटला जोडण्याची युक्ती काही जण योजतात. ही युक्ती नव्हे, घात आहे. तसे केल्याने वीज घरातून उलटी रस्त्यावरील तारांत शिरते. तेथील रोहित्र ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरांस पुरवीत असते. खालून वीज मिळाली की तेच तो दाब चढवू लागते. शेजारच्या घरांच्या भाराने लहान यंत्र बंद पडेल, असा भरवसा धरू नये. तुटलेल्या तारेच्या अलीकडे तो भार नसतोही.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला व आसपासच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. अशा आपत्तीत पुरवठा बंद करूनच तारा दुरुस्त कराव्या लागतात. म्हणजे ज्या घटकेस घरोघरी जनित्रे सुरू होतात, त्याच घटकेस महावितरणचा कर्मचारी खांबावर चढलेला असतो. तार निर्जीव आहे याची खात्री तो स्वतः करून घेतोच. परंतु त्यानंतर कोणी जनित्र सुरू केले तर?

यावर उपाय साधा आहे. परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूस लागतो: एक तर रस्त्यावरील वीज, नाहीतर जनित्राची, दोन्ही एकत्र येणे शक्यच नसते. फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा त्याने तुटल्या पाहिजेत. जनित्रास योग्य अर्थिंग करून घ्यावे. घर भाड्याचे असून स्विच बसविणे शक्य नसेल, तर घराच्या वायरिंगला हात न लावता जाड वायरीने एक-दोन उपकरणे थेट जनित्रावरच चालवावीत.

आपला शेजारी कोण, हा प्रश्न फार जुना आहे. ज्याचे नावही आपणांस ठाऊक नाही, असा तो खांबावरील मनुष्य आपला शेजारीच होय. आपल्या घरी दिवा लावताना त्याच्या घरचा दिवा मालवणार नाही, एवढी काळजी आमच्या वाचकांनी अवश्य घ्यावी.