राजाबाईच्या सावलीत अभ्यास

मैत्रिणींनो, मुंबईला गेलं की आपला कार्यक्रम ठरलेला. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, गेटवे आणि दादरची खरेदी. या खेपेला मात्र बारावीतल्या भाचीला घेऊन मी चक्क एक ग्रंथालय बघायला गेले. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारातलं, राजाबाई टॉवरचं. आधी परवानगी काढली होती. तुम्हीही चौकशी करूनच जा.

टॉवर सगळ्यांना माहीत, पण ही राजाबाई कोण? कापसाच्या व्यापारात गाजलेले शेठ प्रेमचंद रायचंद यांची आई. १८६४ मध्ये शेठजींनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आईचं नाव द्यायला सांगितलं. आराखडा इंग्लंडच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. गंमत म्हणजे हे गृहस्थ मुंबईत कधी आलेच नाहीत! १८६९ मध्ये सुरू झालेलं बांधकाम १८७८ मध्ये पुरं झालं. मनोऱ्याची उंची २८० फूट.

वरच्या वाचनकक्षात पाऊल टाकलं आणि आवाज आपोआप खाली आला. लांबलचक दालन, उंच लाकडी छत, टोकदार कमानींच्या खिडक्या, त्यांत रंगीत काचा. विजेचे दिवे-पंखे नव्हते तेव्हाची ही इमारत. म्हणून छत उंच, गरम हवा वर जावी; खिडक्या मोठ्या, पानावर उजेड पडावा; बाहेर कमानींचे सज्जे, ऊन थेट आत येऊ नये. वाचणाऱ्याचा केवढा विचार!

भाची कानाशी कुजबुजली, "मावशी, इथे नुसतं बसलं तरी अभ्यास होईल गं."

मला एकदम तिचं घर आठवलं. टीव्ही चालू, पाहुण्यांची ये-जा, आणि ही ओट्याशेजारी पाटावर वही घेऊन बसलेली. मध्येच हाक, "अगं, जरा चहा टाक!"

आणखी एक गोष्ट मनाला लागली. मनोऱ्यावर बाईचं नाव, पण तो उभा राहिला तेव्हा या विद्यापीठाची पदवी बायकांना घेता येत नव्हती. ती वाट १८८३ मध्ये मोकळी झाली. २०१८ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा ठरवलं. आता तो वारसा आपल्या लेकींचाही आहे.

आपल्या गावात असा मनोरा कोण बांधणार? पण सार्वजनिक वाचनालय असतंच की. तिथे जाऊन विचारा, मुलींना बसायला खिडकीजवळ एक टेबल आहे का? दिवा नीट आहे का? स्वच्छतागृह आहे का? चार जणी मिळून गेलात तर समितीला ऐकावंच लागेल.

आणि घरी? एक खुर्ची, एक दिवा आणि दोन तास, ज्यांत तिला कुणी हाक मारायची नाही. चहा काय, आपण टाकू किंवा तिचा भाऊ टाकेल!